मनातल्या मांड्यांनी खरंच पोट भरलं तर?

आर्गोस नावाच्या ग्रीक नगरात एक भला गृहस्थ राहत होता. बायकोवर जीव, शेजाऱ्यांशी गोडीगुलाबी, नोकरानं मद्याच्या कुपीचं सील फोडलं तरी डोक्यात राख घालून न घेणारा. वाटेत उघडी विहीर आली तर बाजूनं जाण्याइतका शहाणाही. वेड होतं ते एकच. तो रिकाम्या नाट्यगृहात जाऊन बसायचा आणि समोर थोर नट एकाहून एक सरस शोकांतिका करताहेत अशा समजुतीनं टाळ्या वाजवायचा. नातेवाइकांना हे बघवेना. त्यांनी खस्ता खाल्ल्या, जालीम औषध पाजलं आणि माणूस खडखडीत बरा झाला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "मित्रांनो, तुम्ही मला वाचवलं नाहीत, मारलंत."

रोमन कवी होरेसनं ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वी एका काव्यपत्रात सांगितली. त्या गृहस्थानं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. कर्ज नाही, भांडण नाही, तिकिटाचाही खर्च नाही. मग बरं करणाऱ्यांनी त्याला दिलं काय आणि त्याच्याकडून घेतलं काय?

आज तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न विचारतात तो एका यंत्राची गोष्ट सांगून. ती गोष्ट १९७४ सालची. हार्वर्डमध्ये शिकवणारे रॉबर्ट नोझिक तेव्हा पस्तिशीत होते. त्यांचं 'ॲनार्की, स्टेट अँड यूटोपिया' हे पुस्तक खरं तर सरकारनं माणसाच्या आयुष्यात किती हात घालावा, कर घेण्याचा त्याला हक्क किती, अशा राजकीय वादांवरचं. पण मधली मोजकी पानं त्यांनी एका काल्पनिक यंत्राला दिली आणि त्या पानांवर आजवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली.

समजा, निष्णात मेंदूतज्ज्ञांनी एक यंत्र तयार केलंय. डोक्याला तारा जोडून घ्यायच्या आणि एका टाकीत तरंगत पडून राहायचं. मग हवा तो अनुभव येईल. थोर कादंबरी लिहितोय असं वाटेल, जिवाभावाचा मित्र मिळाल्यासारखं वाटेल. आपल्याकडच्या माणसानं यादी केली तर तीत वानखेडेवरचं शतक येईल, दुष्काळी शिवारातल्या विहिरीला लागलेलं पाणी येईल, वर्षानुवर्षं अबोला धरलेला भाऊ दारात उभा असेल. आत शिरल्यावर आपण टाकीत आहोत हे आठवणार नाही. सगळं खरोखरच घडतंय असं वाटेल. तोचतोपणाची भीती वाटते? दर दोन वर्षांनी बाहेर काढतील, दहा मिनिटं किंवा दहा तास देतील, तेवढ्यात पुढच्या दोन वर्षांचे अनुभव निवडून ठेवायचे. घरच्यांची काळजी वाटते? त्यांनाही त्यांच्या त्यांच्या टाक्या आहेत. (वीज गेली तर काय, हा प्रश्न आपल्या राज्यात सगळ्यात आधी सुचतो. सगळेच टाकीत शिरले तर यंत्राची देखभाल कोण करणार, ही शंका नोझिकनाही आली होती. पण असल्या अडचणींकडे तूर्त दुर्लक्ष करा, असं त्यांनी कंसात लिहून टाकलं. त्या कंसाकडे शेवटी येऊ.)

तर, जोडून घ्याल?

या प्रश्नाचा रोख एका जुन्या आणि वरवर बिनतोड वाटणाऱ्या विचारावर आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जेरेमी बेंथम यांनी तो अगदी स्वच्छ मांडला: सुख चांगलं, दुःख वाईट, बाकी सगळ्याची किंमत या दोन खात्यांत काय जमा होतं त्यावर. पैसा, मान, आरोग्य, मैत्री या सगळ्या गोष्टी चांगल्या का, तर त्यांतून सुख मिळतं म्हणून. हे जर खरं असेल तर यंत्राला नकार देण्याचं एकही कारण उरत नाही. सुखाची हमी आहे, दुःख जवळपास शून्य. तरीही प्रश्न ऐकून तुम्ही थबकला असाल, पोटात थोडं ढवळलं असेल, तर सुखापलीकडेही तुम्हाला काहीतरी मोलाचं वाटतं. नोझिक यांचा युक्तिवाद एवढाच. त्यात गणित नाही, मेंदूविज्ञान नाही. तुमच्या थबकण्यालाच त्यांनी साक्षीला उभं केलंय.

थबकण्याची कारणंही त्यांनी सुचवली. एक, आपल्याला गोष्टी प्रत्यक्ष करायच्या असतात, त्या केल्याचा नुसता भास नको असतो. दोन, आपल्याला कुणीतरी व्हायचं असतं. टाकीत वर्षानुवर्षं तरंगणारा माणूस धाडसी की भित्रा, मायाळू की कोरडा? या प्रश्नाला उत्तरच नाही. तिथे फक्त एक भिजलेला गोळा आहे. तीन, यंत्रातलं जग माणसानं बनवलेलं आहे. त्याच्याहून खोल असं काही तिथे भेटूच शकत नाही. या तिसऱ्या मुद्द्यावरून नोझिक अमली पदार्थांच्या वादाकडे वळतात. काहींना ती द्रव्यं म्हणजे याच यंत्राची छोटी आवृत्ती वाटते, तर काहींना एका अधिक खऱ्या जगाचा दरवाजा. दोन्ही बाजू एवढ्या तावातावानं का भांडतात, हे त्यावरून कळतं.

मला स्वतःला ही तिन्ही कारणं थोडी पुस्तकी वाटतात. खरं कारण त्यांच्या खाली आहे, आणि ते सोपं आहे.

आनंद हा बहुतेक वेळा कशाबद्दल तरी असतो. मोगऱ्याचा वास किंवा उन्हातून आल्यावर पाठीवर घेतलेलं गार पाणी, ही सुखं एकटी उभी राहतात, त्यांना कशाचा आधार लागत नाही. पण मुलीला नोकरी लागल्याचा आनंद तसा नाही. तो नोकरीबद्दल आहे. न्यू जर्सीत राहणारा मुलगा दर रविवारी फोनवर "सगळं मस्त चाललंय" म्हणतो आणि सांगलीतल्या आईला बरं वाटतं. आता तिच्यापुढे दोन पर्याय ठेवा. पहिल्यात मुलाचं खरंच छान चाललंय, पण काही गैरसमजामुळे ती मात्र जन्मभर त्याच्या काळजीत राहणार. दुसऱ्यात मुलगा तिकडे पार मोडून पडलाय, पण तिला ते कधीही कळणार नाही, ती आनंदात राहील. कोणता निवडेल? अशी आई मला तरी माहीत नाही जी दुसरा निवडेल. बेंथम यांच्या खातेवहीत दुसरा पर्याय तिच्यासाठी उघड फायद्याचा आहे. तरी ती तो लाथाडते, कारण तिला स्वतःच्या मनात एक गोड भावना नको होती, मुलाचं भलं हवं होतं. गोड भावना त्या भल्याच्या मागोमाग आली होती.

येल विद्यापीठातले तत्त्वज्ञ शेली केगन हेच उलट्या बाजूनं दाखवतात. एक व्यापारी समाधानानं डोळे मिटतो. बायकोचं प्रेम मिळालं, गावात मान मिळाला, धंदा भरभराटला, असं त्याला वाटत असतं. प्रत्यक्षात बायको दुसऱ्या कुणात गुंतलेली, गावानं त्याचा फक्त वापर केलेला, भागीदारानं धंद्याला आतून पोखरलेलं. यातलं काही म्हणजे काही त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याचं आयुष्य चांगलं गेलं का? ज्याला कळलंच नाही त्याचं काय बिघडलं, असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच फोल नाही. पण हेच आयुष्य तुमच्या मुलासाठी मागाल का, असं विचारलं की तेही गप्प होतात.

इथवर नोझिक जिंकल्यासारखे वाटतात. पण मग कुणीतरी लोकांना प्रत्यक्ष विचारायला गेलं, आणि सगळं जरा हललं.

तत्त्वज्ञ फेलिपे दे ब्रिगार्ड यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना यंत्राचीच गोष्ट सांगितली, पण उलटी करून. शनिवारची सकाळ आहे, तुम्ही अंथरुणात लोळताय, बेल वाजते. दारात काळा कोट आणि गॉगल घातलेला एक उंच माणूस. तो सांगतो की फार मोठी चूक झाली, तुमचा मेंदू चुकून यंत्राला जोडला गेला होता, तुम्ही आजवर जगलात ते सगळं यंत्रातलं. आता बोला, इथेच राहायचं की खऱ्या आयुष्यात परत जायचं? राहायचं म्हणालात तर ही भेटसुद्धा तुमच्या आठवणीतून पुसली जाईल. एका गटाला सांगितलं होतं की खऱ्या आयुष्यात तुम्ही वेस्ट व्हर्जिनियातल्या कडेकोट तुरुंगातले कैदी आहात. त्यांतल्या ८७ टक्क्यांनी यंत्रातच राहणं पसंत केलं. यात नवल नाही. खरी मजा दुसऱ्या गटात आहे. त्यांना सांगितलं होतं की खऱ्या आयुष्यात तुम्ही मोनॅकोमध्ये राहणारे कोट्यधीश कलावंत आहात. तिथेही निम्मेच जायला तयार झाले. निम्म्यांनी सत्यही सोडलं आणि कोट्यवधी रुपयेही. २०१० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

म्हणजे नोझिकच्या प्रश्नावर जे "नाही" येतं, त्यातला बराचसा भाग सत्यप्रेमाचा नसून "आहे ते सोडवत नाही" या जातीचा असावा. ही खोड नीट तपासली गेलेली आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या एका प्रसिद्ध प्रयोगात काही विद्यार्थ्यांना साधे चहाकॉफीचे मग दिले आणि विकायचे तर किती घ्याल, असं विचारलं. ज्यांना मग मिळाला होता त्यांनी सांगितलेली किंमत, ज्यांना मिळाला नव्हता ते द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. हातात येऊन थोडा वेळ झालेल्या मगाची ही गत, तर तीस-चाळीस वर्षं जगलेल्या आयुष्याचं काय!

पण एवढ्यावरून सत्याला भाव नाही, असं म्हणायची घाई नको. फ्रँक हिंड्रिक्स आणि इगोर डौवेन या तत्त्वज्ञांनी २०१८ मध्ये यंत्राऐवजी गोळी पुढे केली. टाकी नाही, तारा नाहीत. याच जगात, याच माणसांत राहायचं, फक्त गोळीमुळे अनुभव अधिक सुखाचे वाटतील. यंत्राला हो म्हणणारे तीन दशांशापेक्षाही कमी होते, गोळीला हो म्हणणारे निम्म्याहून जास्त निघाले. आणि गोळी नुसतं सुख न देता तुमचं काम करण्याचं बळ वाढवते, असं सांगितल्यावर दहातले जवळपास नऊ तयार झाले. लोकांना सुखाचं वावडं नाही, औषधाचंही नाही. त्यांना माणसांतून उठून जायचं नाहीये.

आता एक शंका, जी मराठी वाचकाच्या मनात केव्हाची असेल. आपल्याकडे तर हे जगच माया म्हणतात. मग एका मायेतून दुसऱ्या मायेत गेलं तर बिघडलं कुठे?

'योगवासिष्ठा'त लवण राजाची कथा आहे. भर दरबारात एक गारुडी येतो, मोरपिसांचा कुंचा फिरवतो आणि राजा काही काळ सिंहासनावर निश्चल होतो. तेवढ्या अवधीत तो एक अख्खं आयुष्य जगतो. घोडा त्याला रानात नेऊन टाकतो, भुकेनं जीव जायची वेळ येते, एक बहिष्कृत वस्तीतली मुलगी त्याला लग्नाच्या बोलीवर जेवण देते. तो तिथेच राहतो, संसार करतो, म्हातारा होतो. मग दुष्काळ पडतो. भुकेल्या लेकराला आपलंच मांस मिळावं म्हणून तो आगीत उडी घ्यायला निघतो, आणि दरबारात जागा होतो. कथा इथे संपली असती तर ती नोझिकच्या यंत्राची थोरली बहीण ठरली असती. पण राजा दुसऱ्या दिवशी विंध्याच्या रानात शोध घ्यायला जातो, आणि ती वस्ती तिथे असते. सासू लेकी-जावयासाठी रडत बसलेली असते. भास कोणता आणि खरं कोणतं, याचा निकाल ग्रंथ सोपा करून देत नाही.

तरी या परंपरेत कुठेही "मग स्वप्नातच राहा" असा सल्ला नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. अद्वैत वेदान्तानं सत्तेच्या तीन पायऱ्या मानल्या. दोरीवर दिसणारा साप आणि झोपेतलं स्वप्न ही प्रातिभासिक, आपला रोजचा व्यवहार व्यावहारिक, आणि ब्रह्म पारमार्थिक. साधनेची दिशा वरची. टाकीत शिरणारा मात्र दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर उतरतो. शिवाय जग मिथ्या म्हणणाऱ्या वेदान्त्यालाही दोरी दिसली की साप गेल्याचं दुःख होत नाही. आर्गोसच्या गृहस्थाला झालं. त्यामुळे मायावादाचा दाखला देऊन यंत्राची तिकिटं विकता येणार नाहीत.

हा सगळा प्रश्न रिकामटेकड्यांचा वाटत असेल तर १९४४ सालच्या सिंगूरकडे बघा. कोलकात्याजवळचं हे गाव. बंगालचा भीषण दुष्काळ आदल्याच वर्षीचा. कोलकात्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ या संस्थेनं तिथे आरोग्याची पाहणी केली. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपण आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे, असं सांगितलं. विधवांमध्ये हे प्रमाण होतं २.५ टक्के. त्यातही "यथातथा" या उत्तराचे आकडे वेगळे काढले तर विधुर ४५.६ टक्के आणि विधवा एकही नाही. अमर्त्य सेन यांनी ही पाहणी वारंवार पुढे आणली. त्या काळच्या बंगालमधल्या विधवांची स्थिती काय होती हे माहीत असलेला कुणीही त्या पुरुषांहून ठणठणीत होत्या असं म्हणणार नाही. त्यांना तक्रार करण्याची सवयच नव्हती. "मला काय धाड भरलीय" हे वाक्य आपल्या घरांत किती आज्यांनी, आयांनी दुखणं अंगावर काढत म्हटलंय ते आठवा.

सेन यांचं म्हणणं असं की ज्याला आयुष्यभर कमीच मिळालं तो कमीची अपेक्षा करायला शिकतो, आणि लहानशा सुखात खरोखर समाधान मानतो. हे समाधान नाटकी नसतं. म्हणूनच ते धोक्याचं. भलं म्हणजे फक्त मनातली भावना असं एकदा मानलं की सिंगूरच्या त्या बायकांचं सगळं ठीकच होतं, असं म्हणावं लागेल. त्यांच्यासाठी दवाखाना काढायचं कारणच उरत नाही. टाकी आणि तारांशिवाय, नुसत्या चालीरीतींनी, अनुभवयंत्र उभं करता येतं. आणि त्याची बटणं आत बसलेल्याच्या हातात नसतात.

या पाहणीनंतर मला तरी प्रश्न बदलून विचारावासा वाटतो. सुख खरं की खोटं, याच्याआधी विचारायला हवं: हा भास कुणी रचला, कुणाच्या सोयीसाठी, आणि आतल्या माणसाला दार उघडून बाहेर बघता येतं का? तमाशाच्या फडात, सिनेमाच्या अंधारात आपण हौसेनं फसतो, डोळे पुसतो, आणि मध्यंतरात वडापाव खातो. दार उघडं आहे, त्यामुळे कुणाची तक्रार नाही.

या मापानं तपासलं तर काही खोटी सुखं चांगली ठरतात, हे मान्य करायला हवं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फ शहरात बेनराथ भागातल्या एका वृद्धाश्रमासमोर बसथांबा उभारला गेला. फलक आहे, बाक आहे, बस मात्र कधीच येत नाही. आश्रमातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांना अचानक घरी जायचं असतं. मुलं शाळेतून यायची वेळ झाली, आई वाट बघत असेल, अशी घाई. ते बाहेर पडून भरकटायचे आणि पोलिसांना शोधावं लागायचं. जुन्या सवयीनं बसथांबा मात्र त्यांना ओळखू येतो. ते तिथे येऊन बसतात. थोड्या वेळानं कुणीतरी जवळ येऊन सांगतं, बसला उशीर आहे, तोवर आत कॉफी घेऊ. तोपर्यंत कुठे निघालो होतो हे विसरलेलं असतं, आणि घालमेलही शमलेली असते.

हा धडधडीत बनाव आहे, आणि मी त्याच्या बाजूनं आहे. ज्या घरात असा आजार आलाय तिथे हे कुणी शिकवावं लागत नाही. आजी विचारते, "हे कुठे गेलेत?" पहिल्यांदा कुणीतरी खरं सांगतं, दादा जाऊन आठ वर्षं झाली. तिच्यावर त्या क्षणी नवं वैधव्य कोसळतं. तासाभरानं ती पुन्हा विचारते. सत्य तिच्यापाशी टिकत नाही, दुःख मात्र दर वेळी कोरं करकरीत असतं. मग सुनेला शहाणपण येतं: "बाजारात गेलेत, येतील. तुम्ही तोवर ही मेथी निवडून देता का?" सत्य सांगायचं ते त्यातून माणसाला काही करता यावं, निर्णय घेता यावा, शोक करून पुढे जाता यावं म्हणून. आजारानं तेच दार बंद करून टाकलं असेल तर हट्टानं खरं बोलणाऱ्याचं समाधान होतं, ऐकणाऱ्याचं नाही. अर्थात यातही निसरडी जागा आहे. सहीसाठी कागद पुढे करताना सांगितलेलं खोटं आणि मेथी निवडायला देताना सांगितलेलं खोटं ही एक नव्हेत, आणि दोन्ही एकाच घरात घडू शकतात.

उलट, पडद्यावर घडतंय म्हणून ते खोटं, हाही घाईचा निवाडा. नॉर्वेतला मॅट्स स्टीन स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारानं चाकाच्या खुर्चीला खिळला होता. दिवसाचे कितीतरी तास तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ खेळायचा. आई-वडिलांना वाटायचं, पोराला ना मित्र ना प्रेम, आयुष्य असंच गेलं. २०१४ मध्ये, २५ व्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि परक्या देशांतून पत्रांचा ओघ सुरू झाला. खेळात तो इबेलिन नावानं वावरायचा, आणि त्या नावानं त्यानं कितीतरी जणांना पडत्या काळात धीर दिला होता. त्यांतले काही अंत्यविधीला येऊन उभे राहिले. तलवारी आणि किल्ले खोटे होते, पण तलवारीपलीकडे बसलेला माणूस खरा होता. 'वास्तव' या विषयावर दीर्घकाळ लिहिणारे तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स हाच फरक करतात. नोझिकच्या यंत्रात घटना आधीच लिहून ठेवलेल्या असतात आणि समोर दुसरं कुणी नसतं. आभासी जगात माणूस स्वतः ठरवतो, चुकतो, आणि त्याला खरी माणसं भेटतात. सांगलीच्या त्या आईचा निकष इथेही लागू पडतो: ज्याच्याबद्दल आनंद आहे, ते तिथे आहे की नाही?

मग समोर माणूसच नसेल तर? 'रेप्लिका' या ॲपमध्ये तुम्ही स्वतःसाठी एक बोलका सोबती घडवता. तो तुमचं ऐकतो, लक्षात ठेवतो, गोड बोलतो. अनेकांनी त्याला मित्र मानलं, काहींनी जोडीदार. एकाकी माणसाला त्यातून मिळणारा दिलासा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. दिलासा हा मोगऱ्याच्या वासासारखा, वाटला की वाटला. पण "मी कुणाला तरी हवा आहे" हा आनंद मात्र कुणाबद्दल तरी आहे, आणि तिथे कुणी नाही. शिवाय या टाकीला नोझिकची दहा मिनिटंही नाहीत. त्यांच्या यंत्रात निदान दर दोन वर्षांनी कुणीतरी बाहेर काढून विचारत होतं, पुढे काय हवं? इथे तुम्ही बाहेर येऊ नये, यावरच धंदा उभा आहे.

आणि आता तो कंस. यंत्राची देखभाल कोण करणार, याकडे दुर्लक्ष करा, असं नोझिक १९७४ मध्ये म्हणू शकत होते, कारण यंत्र कागदावर होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये इटलीच्या माहिती-संरक्षण संस्थेनं रेप्लिकावर निर्बंध घातले आणि त्याच महिन्यात ॲपमधल्या सोबत्यांचं प्रेमाचं, शृंगाराचं बोलणं बंद झालं. वापरणाऱ्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं. आपलं माणूस एका रात्रीत परकं झालं, अशा शब्दांत लोकांनी लिहिलं. काही जण खरोखर शोकात होते. मार्चमध्ये कंपनीनं नमतं घेतलं. १ फेब्रुवारी २०२३ च्या आधी ज्यांनी खातं उघडलं होतं, त्यांना आपला जुना सोबती परत मागण्याची मुभा देण्यात आली. नंतर आलेल्यांसाठी ती सोय नव्हती.